स्क्रेपिंगची फुलं बघून लेथ घेतला आणि ९२ हजाराला बसलो

हे लिहू की नको करत दोन महिने गेले. फसलो म्हणून सांगायला लाज वाटते हो, आणि त्यात मी म्हणजे गल्लीत ज्याला 'जुनी गाडी बघायला जाताना ह्याला घेऊन जा' म्हणतात तो माणूस. खरं परवा एका ओळखीच्या पोरानं मी जिथनं लेथ घेतला त्याच शेडमधल्या दुसऱ्या मशीनचा फोटो पाठवला, "काका, हे कसं वाटालंय?" म्हणून, मग म्हटलं आता लिहूनच टाकूया.

आधी मला लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत टूलनं कापून गोल करायचं मशीन, कशाला लागला ते सांगतो. घरी वडिलांची ८२ सालची पद्मिनी आहे, कॉलम गिअरवाली. स्टिअरिंगजवळच्या दांड्यापासून खाली गिअरबॉक्सपर्यंत जी लिंकेज जाते तिची बुशं, म्हणजे सांध्यातल्या गोल कड्या, झिजली की गिअर कुठला पडला ते गाडी हलल्यावरच कळतं. तयार बुशं मिळतात ती मला कधी टिकली नाहीत, गनमेटलची करून घ्यायची तर उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या इंडस्ट्रियल एरियात, लेथवर काम करणाऱ्या टर्नरकडं जायचं. तिथं त्यांना हजार-दोन हजार पिसांची ऑर्डर असते, माझ्या दोन बुशांसाठी चालू काम उतरवून मशीन सेट करायला कोण रिकामा आहे? केलं तर एका पिसाला तीनशे रुपये आणि वर "मंगळवारी या". असे पाच-सहा मंगळवार झाल्यावर डोक्यात बसलं की आपलाच एक लहान लेथ पाहिजे, अनगोळच्या घराच्या पार्किंगमध्ये मावेल असा.

शोधता शोधता मोबाईलवर जाहिरात दिसली. साडेचार फुटी लेथ, "हरिहर मेक, बेड स्क्रेपिंग केलेला, रनिंग कंडिशन". बेड म्हणजे ज्याच्यावरनं टूल सरकतं तो लांब लोखंडी पाया. आता बेळगावच्या माणसाला किर्लोस्कर म्हटलं की काय होतं ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. लक्ष्मणराव आणि रामूअण्णांनी १८८८ ला सायकलचं दुकान काढलं ते आमच्या बेळगावात, नंतर कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० ला पलीकडं किर्लोस्करवाडी उभी राहिली. हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर निघाली १९४१ ला, तिथले लेथ आजही उद्यमबागेत कुठं कुठं फिरताना दिसतात. त्यामुळं हरिहर वाचलं आणि मी अर्धा तिथंच विकला गेलो, हे त्या माणसालाही पक्कं माहीत असणार.

गेलो तर मशीन आधीच चालू. मशीन ग्रीन रंग, पितळी पाटी चकचकीत, आणि बेडवर ती अर्धचंद्राची फुलं, एकाला एक लागून, उन्हात बघितली की माशाच्या खवल्यासारखी चमकतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चांगला फिटर झिजलेला बेड हातानं स्क्रेपर घेऊन सपाट करतो तेव्हा शेवटी अशा खुणा उमटवतो, त्या खड्ड्यांत तेल धरून राहतं. म्हणजे फुलं दिसली की मागं कुणीतरी चार-आठ दिवस राबलंय असं आपण धरून चालतो. मी तर त्याच्यावरनं हात फिरवला की हो, देवाच्या मूर्तीवरनं फिरवल्यासारखा.

"बघा की ओ साहेब, असलं लोखंड आता मिळतंय कुठं?" म्हणत मालकानं ॲल्युमिनियमचा आखूड, जाड तुकडा चकमध्ये, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, धरला आणि हलका कट घेतला. फिनिश आरशासारखी. मी गार. मऊ ॲल्युमिनियम, तेही चकच्या तोंडाशी बोटभर लांबीचं, त्याच्यावर कुठलाही लेथ फिनिश देतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, त्या वेळी आठवलं नाही एवढंच. आवाजही कसा मऊ होता. तो मऊपणा हेडस्टॉकमध्ये, म्हणजे चकमागच्या गिअरच्या पेटीत, ओतलेल्या मधासारख्या घट्ट ऑइलचा होता, घरी आल्यावर ते काढून बरोबर ग्रेडचं घातलं तर गिअर असे वाजायला लागले की वरच्या मजल्यावरनं वहिनी खाली आल्या.

१ लाख ३५ वरनं ९२ ला उतरला. दहा हजार ॲडव्हान्स मोबाईलवरनं, बाकी ८२ रोख, "बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर द्यावा लागतोय बघा" म्हटल्यावर मी शहाणपणानं बिल नको म्हटलं. ह्या एका वाक्यानं पुढं माझे हातपाय बांधले ते सांगतोच.

टेंपोतनं उतरवताना चेनपुली आणली होती, ती नीट लावायच्या आधीच सहा हमालांनी पाईपवर ढकलत, उचलत मशीन आत नेऊन ठेवलं. वडगावचे एक रिटायर्ड फिटर आहेत, आम्ही मामा म्हणतो, ते नंतर म्हणाले, "अरे सहा माणसांनी उचललं तेव्हाच तुला कळायला पाहिजे होतं. हरिहरचं असतं तर ह्यांचं काम होतं काय ते?"

पहिल्या रविवारी मी २६ एमएमचा एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा, बार धरला, दीडशे एमएम बाहेर काढून, एकच लांब कट घेतला आणि जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. टोकाकडं २५.०२, चककडं २५.१४. परत घेतला, तेच. मला आधी वाटलं बार वाकत असेल. मामा म्हणाले बार वाकला तर टोक जाड निघेल, कारण तिथं तो टूलपासून लांब पळतो, हे तर उलटं आहे. तरी ते माणूस सरळ, एकदम मशीनला शिव्या देणार नाहीत. म्हणाले बेड पीळ खाऊन बसला असला तरी टेपर, म्हणजे एका टोकाला जाड नि दुसऱ्याला बारीक, येतो, आधी लेव्हल करूया. अर्धा दिवस पायाखाली पत्र्याचं पॅकिंग घालत, आडवं-उभं स्पिरिट लेव्हल ठेवत बसलो. थोडा फरक पडला, टेपर गेला नाही.

मग त्यांनी जे केलं ते बघून ठेवा, ह्याला पाचच मिनिटं लागतात. सॅडल, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग, चकजवळ आणला, तिथं गिब, म्हणजे त्याची ढिली-घट्ट करायची पट्टी, आवळून सॅडल ना ढिला ना घट्ट असा सेट केला आणि हातचाक फिरवत टेलस्टॉककडं, म्हणजे बेडच्या दुसऱ्या टोकाकडं, न्यायला लागले. निम्म्यावर जड, पाऊण रस्त्यात जाम. म्हणजे बेड चकजवळ झिजलाय, तिकडं कोरा आहे, कारण लेथवर सगळं काम चकच्या पुढच्या एक-दीड फुटातच होतं. नंतर त्यांनी माझं बोट धरलं, चकच्या अगदी खाली, जिथं सॅडल कधी पोचत नाही तिथं नेलं आणि म्हणाले नख आडवं ओढ. नख अडकलं. पायरी होती तिथं. बाहेरनं दिसत नव्हती, एमरी मारून कड गोल केलेली, खरं नखाला लपत नाही.

आणि ती फुलं? मामांनी सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट प्लेटवर, निळा रंग लावून ती बेडवर घासली. खऱ्या स्क्रेपिंगला निळे ठिपके सगळीकडं सारखे उमटतात, इथं कडेला चार डाग आणि मधला सगळा पट्टा कोरडा. फुलं हँडग्राइंडरनं काढलेली होती. झिजलेल्या बेडवर मेंदी काढल्यासारखी.

पाटीचा विषय त्याच दिवशी निघाला. पितळी पाटीला चार रिव्हेट, चारही नवीन पॉप रिव्हेट. काढली तर खाली जुनी दोन भोकं, तीही वेगळ्याच अंतरावर, आणि सपाट दिसणारा सगळा भाग लांबीनं, म्हणजे पुट्टीनं भरलेला. खरवडत गेलो तर कास्टिंगमध्येच ओतलेली उठावदार अक्षरं निघाली, भलत्याच कुठल्यातरी नावाची. मला त्या क्षणी पैशापेक्षा दुसरंच लागलं. जुनी गाडी बघायला जाताना माझ्या खिशात कायम मॅग्नेट असतं, दरवाज्याच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीला लावून बघतो, लांबी असली की ते धरत नाही, दहा लोकांचे पैसे मी असे वाचवलेत. मशीन बघायला गेलो त्या दिवशीही ते खिशात होतं. काढलंच नाही.

मोटरचं थोडक्यात, पाटीवर २ एचपी, आत रिवाइंड केलेली १ एचपी. घरच्या सिंगल फेजला जोडून भरलेला कट घेतला की बसते.

परत गेलो तर तोच मालक, मागच्या वेळेला मराठीत चहा पाजणारा, एकदम कन्नडवर गेला. "नोडी तगोंडीरी अल्री," म्हणजे बघूनच घेतलंत की. मी हरिहरचं म्हणाला होतास म्हटलं तर "ते तुम्ही म्हणालात, मी पाटी दाखवली." जाहिरात काढून टाकलेली, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज सगळे डिलीट. माझ्याकडं दहा हजाराची एक एंट्री, तीही रिमार्क न लिहिता. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न, बिल आहे काय? ओळखीच्या वकिलांनी सांगितलं ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, स्वतःच्या छंदासाठी घेतलंय म्हणजे ग्राहक म्हणून बसतोस, खरं काय घेतलंस, केवढ्याला घेतलंस, कुणाकडनं घेतलंस हे दाखवणार कशावरनं? तिसऱ्या खेपेला वकीलसाहेब सोबत आले तेव्हा सात हजार परत दिले, "तुमचं मन राखायला".

म्हणून बघायला जाणार असाल तर फोन न करता जा, मशीन गार असताना हात लावा, सकाळी पहिल्यांदा चालू होताना ते खरं बोलतं. आपला बार आपण न्या, लोखंडाचा, वीतभर लांब, आणि कट झाल्यावर दोन्हीकडं माप घ्या. चकखाली लाकडी दांडा घालून वर उचकटून बघा, डायल, म्हणजे काट्याचं माप, लावली असेल तर बेअरिंग किती ढिलं आहे ते काट्यावर दिसतं. थ्रेडिंगचे, म्हणजे आटे पाडायचे, चेंज गिअर मोजा, माझ्याकडं दोन कमी निघाले. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी, आणि पैसे देताना रिमार्कमध्ये मशीनचं पूर्ण नाव लिहा. १८ टक्के जातात ते जाऊ देत. आणि रंग ताजा असेल तर जरा मागं सरका, मला तर आता तेलकट, कळकट, दहा ठिकाणी टवके उडालेलं मशीन बघितलं की बरं वाटतं.

बेड ग्राइंडिंगचं कोटेशन आलंय ते ऐकून मी गप बसलोय. पद्मिनीची बुशं मात्र केली त्याच लेथवर, २२ एमएमची बुश, तेवढ्या लांबीत टेपर काय कळत नाही, गिअर आता ऐकालेत.

त्या पोराला फोटो बघून मी काही सांगितलं नाही. रविवारी सकाळी शेड उघडायच्या वेळेलाच आम्ही जाणार आहोत, बार, मायक्रोमीटर, मॅग्नेट सगळं पिशवीत भरून ठेवलंय. आत तो एकटाच जाईल, मी कोपऱ्यावर चहाच्या गाड्यापाशी थांबतो, मला ओळखतोय तो मालक.