अंगठ्याला आधार देणारे स्प्लिंट : वेणी घालणाऱ्या हातावर नऊ महिने

कोल्हापुरी चपलेवर बारीक चामड्याची जी वेणी असते, ती घालण्याचे काम मी सोळा वर्षे कोल्हापूरच्या सुभाषनगरमधील घरी करते. कापणी आणि तळाची शिवण पुरुषांकडे, वेणी बायकांकडे, अशी आमच्याकडची जुनी वाटणी आहे. २०१९ साली चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गिऱ्हाईक ‘वेणी हाताचीच ना?’ असे आवर्जून विचारते. त्यामुळे काम वाढले, ही चांगलीच गोष्ट. पण गेल्या नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी लोटली असताना रोज दहा-दहा तास वाद्या ओढल्या आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला असा ठणका सुरू झाला की सांडशीने उतरवताना दुधाचे पातेले एकदा हातातून निसटलेच.

पहिली चूक माझीच. औषधाच्या दुकानात ‘मनगट दुखतंय’ एवढेच सांगून मी साधा लवचिक मनगटपट्टा आणला. तो मनगटाला आवळत होता आणि अंगठा मात्र मोकळाच होता, म्हणजे जो भाग थांबवायला हवा होता तोच दिवसभर चालू राहिला. दोन महिने असे गेल्यावर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवले, तेव्हा डोळ्यांत पाणीच आले. १८९५ साली स्विस शल्यविशारद डी क्वेर्व्हेन यांनी वर्णन केलेला, त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा विकार आहे. अंगठा बाहेर नेणाऱ्या व वर उचलणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटाच्या कडेला एका अरुंद आवरणातून जातात. ते आवरण जाड झाले की प्रत्येक हालचालीत त्या घासतात. वादी चिमटीत धरून मनगट करंगळीकडे झुकवत ओढणे, हीच तर आमच्या वेणीची मुख्य हालचाल. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र दुखणे बहुधा वेगळे, मनगटातल्या मज्जातंतूवर दाब येण्याचे असते आणि त्याचे स्प्लिंटही वेगळे असते. म्हणून खरेदीआधी निदान करून घ्यावे.

डिसेंबरात घेतलेले हे स्प्लिंट साडेसहाशे रुपयांना पडले. अंगठ्याच्या कडेने एक वाकवता येणारी अॅल्युमिनियमची पट्टी, आत मऊ अस्तर आणि तीन ठिकाणी व्हेल्क्रो अशी त्याची रचना आहे. उजव्या-डाव्या हाताचे वेगळे मिळते आणि मनगटाचा घेर मोजूनच घ्यावे लागते. अंगठ्याचे टोक मोकळे राहत असल्याने पेन धरता येते, भाजी निवडता येते. पण कणीक मळता येत नाही. पहिले सहा आठवडे मी ते अंघोळ आणि जेवण सोडून जवळजवळ सतत घातले आणि वेणीचे काम जावेकडे दिले. तिसऱ्या आठवड्यात सकाळचा ताठरपणा उतरला, सहाव्यात सांडशी पुन्हा नीट धरता आली. या टप्प्यासाठी मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन.

खरी पंचाईत लग्नसराईत झाली. स्प्लिंट आहेच, तर ते घालूनच काम करू, असा हिशेब मी एप्रिलमध्ये केला. अंगठा जखडल्यावर वादी तर्जनी आणि मधल्या बोटात धरून ओढू लागले. मनगट हलेना म्हणून जोर कोपरावर गेला आणि महिनाभरात कोपराची बाहेरची बाजू दुखू लागली. शिवाय चामड्याचा कीस व्हेल्क्रोच्या आकड्यांत इतका भरला की पट्टी चिकटेनाशी झाली; जुन्या टूथब्रशने तो रोज काढावा लागे. घामाचा वास हा वेगळाच विषय. अखेर जूनमध्ये डॉक्टरांनी आवरणात स्टेरॉइडचे एक इंजेक्शन दिले, म्हणून आजच्या बऱ्या हाताचे सगळे श्रेय मी स्प्लिंटला देऊ शकत नाही. पुढचे तीन महिने पावसानेही मदत केली, कारण कातडी चप्पल पाण्यात कोणी घालत नाही आणि आमचा धंदा तेव्हा मंदच असतो. पण त्याच पावसात धुतलेले स्प्लिंट दोन-दोन दिवस वाळत नाही, हेही कळले.

सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या, पण त्यांचा अंगठा कधी दुखला नाही. मला पाहून त्या म्हणाल्या, ‘‘वाळकी वादी वडतीस कशाला गं? आन् मनगटानं कुठं वडत्यात व्हय?’’ मग मी त्यांचे हात प्रथमच नीट पाहिले. त्या वादी ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ ठेवतात, वेणीचे एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबतात आणि ताण देताना मनगट सरळ ठेवून अख्खा हात मागे नेतात. मी आता तसेच करते. आरीच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती जाड केली आहे, त्यामुळे भोके पाडताना चिमूट घट्ट आवळावी लागत नाही. दर अर्ध्या तासाने काम खाली ठेवते. गिऱ्हाईक खोळंबले तरी.

स्प्लिंट आता फक्त रात्री, आणि तेही जास्त काम झालेल्या दिवशीच घालते. नऊ महिन्यांत अस्तर एका कडेने उसवले आहे आणि मधली पट्टी सैल पडली आहे. येत्या नवरात्राआधी मी दुसरे घेणार आहे, याच नमुन्याचे, पण वेणीच्या पाटाजवळ ते ठेवणार नाही. ते उशाशीच राहील.