वाईतल्या आमच्या स्टुडिओसाठी 14 महिने सोशल मीडिया वापरला, त्याचा अनुभव

वाईतला आमचा फोटो स्टुडिओ बाबांनी सुरू केला. पासपोर्ट फोटो, शाळेचे ग्रुप फोटो आणि लग्नाच्या ऑर्डरी यांवर घर चाललं. मी हाताशी आले तशी डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण, मुंज असे घरगुती कार्यक्रम घेऊ लागले. या कामांसाठी डिसेंबर 2024 पासून इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगलवरचं दुकानाचं पान मी नेमाने वापरते आहे. फेब्रुवारी 2026 पर्यंतचा अनुभव इथे सविस्तर लिहिते. लहान गावात कॅमेऱ्यावर पोट असलेल्या कुणाला तरी तो उपयोगी पडावा, एवढीच इच्छा.

सुरुवातीलाच ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवला: ‘कुठून कळलं?’ बयाणा घेऊन तारीख लिहिताना हे विचारायचंच. 14 महिन्यांत या घरगुती कार्यक्रमांची 58 कामं झाली. 23 जणांनी कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसला आमचे फोटो बघितले होते. 17 कामं नात्यागोत्यातून आणि शेजारपाजारातून आली, 11 गूगलवर शोधून, आणि 7 इन्स्टाग्रामवरून. पहिले सहा महिने माझा जवळजवळ सगळा वेळ इन्स्टाग्रामवर गेला होता. वही उघडून बेरीज केली त्या दिवशी वेळेची वाटणी बदलली.

तरी इन्स्टाग्राम सोडा, असं मी कुणाला सांगणार नाही. ज्यांना स्टेटसवरून कळलं, तेही फोन करण्याआधी आमचं पान बघून आलेले असतात. पूर्वी गिऱ्हाईक दुकानात बसून नमुन्याचा अल्बम चाळायचं, आता घरी बसून चाळतं. म्हणून त्या पानावर रोज काहीतरी टाकायची धडपड मी सोडली. डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण, मुंज, लग्न असे हायलाइट्स, म्हणजे पानाच्या वरच्या भागात कायम दिसणारे संच, वेगवेगळे करून ठेवले, वर पत्ता आणि फोन नंबर नीट लिहिला, आणि महिन्याला सहा-सात चांगल्या पोस्ट एवढाच नेम ठेवला.

लोकांनी व्हिडिओ बघणं आणि काम मिळणं यांतला फरक मला दोन व्हिडिओंनी दाखवला. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एका जोडप्याचं प्री-वेडिंग केलं होतं. सकाळचं कोवळं ऊन, कृष्णेचं संथ पाणी, पायऱ्यांवर दोघं. ते रील दोन लाखांच्या वर बघितलं गेलं. दहा दिवस मी मेसेजना उत्तरं देत होते: हे ठिकाण कुठलं, पुण्याहून किती वेळ लागतो, गाडी कुठे लावायची. त्यातून एकही ऑर्डर आली नाही. बघणाऱ्यांना घाट हवा होता, फोटोग्राफर नको होता.

दुसरा व्हिडिओ बोरन्हाणाचा, चाळीस सेकंदांचा. दीड वर्षाचं पोर पाटावर बसलेलं, अंगात काळं झबलं, हलव्याचा मुकुट एका कानावर घसरलेला. आजीने डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले तसं ते दचकलं, ओठ काढले, आणि रडू फुटणार तेवढ्यात मांडीत अडकलेलं एक बोर उचलून आजीच्याच तोंडाशी नेलं. तो जमिनीवर चुरमुरे सांडल्याचा आवाज आणि बायकांचं एकदम हसणं मी तसंच ठेवलं, वर गाणं लावलं नाही. हा व्हिडिओ जेमतेम 900 जणांनी बघितला आणि त्यावर चार कामं आली: एक बावधनचं, एक पाचगणीचं, दोन गावातलीच. चौघींनाही त्या आजी ओळखीच्या होत्या.

गाण्याचं मुद्दाम सांगते. बिझनेस अकाउंटला गाण्यांचा साठा मर्यादित मिळतो, आणि धंद्याच्या जाहिरातीसाठी सिनेमाचं गाणं वापरायचं तर हक्काचा प्रश्न येतोच. त्यामुळे मी खरा आवाज टिपायला लागले. आता कॅमेऱ्यासोबत छोटा रेकॉर्डर नेते. डोहाळ्याची गाणी, ओवाळतानाचं तबकाचं किणकिणणं, पाळणा म्हणताना चुकलेली आत्या, हे सगळं घरच्यांना फोटोंइतकंच हवं असतं, हे मला या निमित्ताने कळलं.

स्टेटसवरून एवढी कामं कशी आली, तर कार्यक्रम संपायच्या आत पाच फोटो द्यायचे, या एका सवयीमुळे. कॅमेऱ्यातून वायफायने फोनवर घ्यायचे, तिथेच उजेड आणि रंग दुरुस्त करायचे, उभे कापायचे, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात स्टुडिओचं नाव टाकायचं आणि पानं वाढली जाईपर्यंत उत्सवमूर्तीच्या फोनवर पाठवायचे. स्टेटस 24 तासच टिकतं, पण त्या संध्याकाळी आई, सासू, मावशी, नणंद सगळ्यांच्या स्टेटसला तेच फोटो असतात. उशिरा दिलेल्या सुंदर फोटोंना ही संधी मिळत नाही, कारण तोवर सगळ्यांनी आपापल्या फोनवरचे फोटो लावून टाकलेले असतात. मात्र कुणाच्याही फोनवर काय जाणार ते जिचा कार्यक्रम आहे तिने आधी बघायचं, हा नियम.

व्हॉट्सॲप बिझनेसमधलं सगळ्यात कामाचं मला लेबल वाटलं. ‘तारीख धरली’, ‘बयाणा आला’, ‘अल्बम निवड बाकी’ अशी लेबलं लावली की लग्नसराईत गोंधळ होत नाही. एकच मेसेज अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच मेसेज पोचतो, हे मला दोन महिन्यांनी उमगलं. आता फोटोंची लिंक देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा’ असं तोंडी सांगते.

रंगांबाबत एक तांत्रिक गोष्ट, कारण हिने मला फार छळलं. स्टुडिओतल्या स्क्रीनवर हळदीचा पिवळा लखलखीत दिसायचा आणि पोस्ट केला की मातकट. मी फोन बदलून बघितला, एडिटिंग बदलून बघितलं. चूक माझ्या एक्स्पोर्टमध्ये होती: छपाईच्या अल्बमसाठी ठेवलेल्या ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीतच फोटो बाहेर काढत होते. फोन आणि वेबसाठीची एसआरजीबी रंगपद्धत निवडली, रुंदी 1080 पिक्सेल ठेवली, आणि हळद हळदीसारखी दिसायला लागली. जानेवारी 2025 मध्ये इन्स्टाग्रामच्या पानावरचे चौकोन उभे झाले, तेव्हा कडेला लिहिलेली जुनी नावं कापली गेली. तेव्हापासून फोटोवर मजकूर टाकलाच तर मधोमध टाकते.

आता चुकीबद्दल. मागच्या मे महिन्यात एक डोहाळजेवण केलं. फुलांचे दागिने, हिरवी साडी, झोपाळ्यावर ती एकटी, मान किंचित खाली. फोटो मला फार आवडला. तिच्या नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, “टाका की.” मी दुपारी टाकला. रात्री तिचा फोन आला. “ताई, तो फोटो काढून टाकता का? आम्ही बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं हो.” आधी एकदा तिचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून कार्यक्रम घरच्या बारा माणसांत केला होता. फोटो मी त्याच मिनिटाला काढून टाकला, पण तोवर पाच तास गेले होते आणि सासरच्या दूरच्या नातेवाइकांचे फोन येऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन माफी मागितली. तिने मला पाणी दिलं, बसवलं, काही बोलली नाही. फोटो तिचा आणि मी विचारलं भलत्यालाच, हे मला आजही लागतं.

त्यानंतर कायदा वाचला. आपल्या धंद्यात सर्रास म्हणतात, “फोटो मी काढला, माझा.” कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन कुणी आपल्याकडून फोटो काढून घेतला, आणि वेगळा करार झालेला नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो. म्हणजे लग्नाचे, बारशाचे फोटो आपल्या पानावर टाकायचे तर परवानगी मागणं हा चांगुलपणा नाही, ती आपली गरज आहे. आता बयाण्याच्या पावतीसोबत मराठीत एक कागद असतो. त्यावर चार चौकटी: कुठेही टाकू नका, चेहरा न दाखवता टाका, चेहरा चालेल पण नाव-गाव नको, सगळं चालेल. सही जिचा कार्यक्रम आहे तिची. लहान मुलांसाठी आई आणि वडील दोघांची. परवानगीच्या बदल्यात मी सवलत देत नाही. पैशाचं आमिष आलं की नको म्हणणं जड जातं.

त्याच मुलीच्या बाळाचं बारसं पुढे आमच्याकडेच आलं. तिने दुसऱ्या चौकटीत खूण केली. बाळाच्या तळपायावर लावलेली काळी तीट आणि शेजारी आजीचा सुरकुतलेला अंगठा, हा फोटो आज आमच्या पानावर सगळ्यात वर आहे.

पैसे खर्चून केलेल्या प्रयत्नांचं थोडक्यात. बाहेरगावच्या एकाकडून फॉलोअर्स विकत घेतले होते. आकडा वाढला, पण ती माणसं ना बोलणारी ना वाईची. पैसे वाया. पोस्ट बूस्ट करताना, म्हणजे पैसे देऊन ती जास्त लोकांना दाखवताना, पहिल्यांदा मी अख्खा महाराष्ट्र निवडला आणि 1,500 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी घालवून लांबलांबच्या चौकशा गोळा केल्या. दुसऱ्यांदा वाईभोवती 40 किलोमीटर एवढंच ठेवलं, तेव्हा बोरन्हाणाची तीन कामं आली. गूगलवरच्या पानासाठी तर पैसे लागतच नाहीत. दुकानाची पाटी आणि रस्ता दाखवणारा व्हिडिओ देऊन पडताळणी झाली, आणि फोटो नेऊन देताना गिऱ्हाइकाकडून दोन ओळी लिहून घेतल्या की पुरे.

वेळेचं गणित मात्र पंचांग उघडून करावं लागतं. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. 2025 मध्ये रथसप्तमी 4 फेब्रुवारीला होती, यंदा 25 जानेवारीलाच आली. हंगाम बारा दिवसांचा. पहिल्या वर्षी मी कार्यक्रम झाल्यावर फोटो टाकत बसले. यंदा गेल्या वर्षीचे फोटो 20 डिसेंबरपासूनच दाखवायला लागले आणि संक्रांतीच्या आधीच सगळे शनिवार-रविवार भरले. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमातले दहा फोटो ‘पुढच्या वर्षी’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात.

यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, त्या महिन्यात लग्नाच्या ऑर्डरी नसणार. पण धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई घरोघरी जेवायला येतात, सगळं घर एका जागी असतं. त्या दिवशीचे कुटुंबाचे फोटो घरी जाऊन काढून द्यायचे, असं यंदा ठरवलं आहे. नमुन्याला फोल्डरमध्ये काही नाही. 2023 च्या अधिक श्रावणात ताई-भाऊजी जेवायला आले होते तेव्हाचे फोनवरचे दोन फोटो तेवढे सापडले. एकात आई चांदीच्या ताटलीत अनारसे मांडते आहे आणि भाऊजी अवघडून हात मागे घेऊन उभे आहेत. ताईला आणि भाऊजींना विचारून झालं आहे. एप्रिलअखेर स्टेटसला आधी तोच जाईल.