मृत्युपत्राची मार्गदर्शकं: आठ महिने वापरली, एकच कामाचं निघालं

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गेले तेव्हा पेटीतून त्यांचं मृत्युपत्र निघालं. छापील नमुन्यावर, नीट अक्षरात लिहिलेलं, खाली सही. साक्षीदार मात्र एकच. मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात, हे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ मध्ये स्पष्ट आहे. त्या नमुन्यावर साक्षीदाराची रेघच एक होती, म्हणून मोठेबाबांनी एकाचीच सही घेतली. कागद वाया गेला आणि फेरफारात (जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीत) सगळ्या वारसांची नावं सारखी चढली. ज्या चुलतभावाने पंचवीस वर्षं वावर वाहिलं, तो अजून आमच्याशी धड बोलत नाही.

त्यानंतर आमच्या बाबांचं मृत्युपत्र करायचं ठरलं. दारव्हा तालुक्यात अकरा एकर कोरडवाहू, एक विहीर, गावठाणातलं घर, आम्ही दोघं भाऊ आणि एक बहीण. आठ महिन्यांत तीन मार्गदर्शकं विकत घेतली आणि फुकटचे व्हिडिओ पाहिले ते वेगळेच.

पहिलं पुस्तक नागपुरातून आणलं, साडेचारशे रुपयांचं, जाडजूड. बाहेरच्या देशातल्या पुस्तकावरून उचलून मराठीत बसवलंय, हे तिसऱ्या प्रकरणात कळतं. वारसा कर कसा वाचवावा यावर त्यात चाळीस पानं आहेत. आपल्याकडे तो कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९८५ मध्येच बंद झाला. पुढे लिहिलंय की लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम लागूच नाही. प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाकडून दाखला घेण्याचं, प्रकरण वाचून तर मी एक रात्र झोपलो नाही, कोर्टाच्या किती खेपा पडतील याचा हिशेब करत बसलो. दुसऱ्या दिवशी वकिलाने सांगितलं की हिंदूंसाठी ती सक्ती मुंबई, कोलकाता, चेन्नई अशा ठिकाणांपुरती होती, आपल्या यवतमाळच्या वावराला ती कधी नव्हतीच. ट्रस्टचं प्रकरण बरं आहे, पण ते फ्लॅट आणि शेअर असणाऱ्यांसाठी. आमच्याकडे ट्रस्टमध्ये टाकायला दोन बैल आहेत.

दुसरं, मोबाइलवर भरायचा फॉर्म. पैसे घेऊन पाच मिनिटांत छान छापील मृत्युपत्र देतो. मालमत्तेच्या रकान्यात फ्लॅट नंबर, सोसायटी, पार्किंग. गट क्रमांक, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा यांना जागाच नाही. आमच्याकडे सोसायटी म्हणजे पीककर्जाची. तिचा बोजा सातबाऱ्यावर इतर हक्कात चढलेला असतो आणि वाटणीआधी तो फेडावा लागतो. फॉर्मने कर्ज आहे का, हे एकदाही विचारलं नाही. नॉमिनीचं नाव मात्र तीनदा विचारलं, जणू नॉमिनी म्हणजे मालक. नॉमिनीच्या हातात पैसे पडतात ते खऱ्या वारसांसाठी, हे विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्येच सांगितलं होतं (२०१५ च्या दुरुस्तीपासून विम्यात आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असली तर नियम वेगळा आहे). पैसे परत मागितले, ते आले नाहीत.

तिसरी पुस्तिका तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळाली. साठ रुपये, कागद रद्दीसारखा, छपाई तिरपी. टिकली ती हीच. कारण एवढंच की ती नमुना शेवटी देते आणि आधी विचारपूस करते. जमीन स्वतः विकत घेतली, वाटणीत आली की वारसाने? वारसाने आली असेल तर आजोबा १९५६ च्या, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा आला त्याच्या, आधी वारले की नंतर? या एका प्रश्नाने आम्हाला तीन रविवार कामाला लावलं. जुने फेरफार पटवाऱ्याकडून काढले (पुस्तिकेत तलाठी लिहिलंय, आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात मात्र पटवारीच). तेव्हा कळलं की सहा एकर बाबांनी १९८७ मध्ये स्वतः घेतलेली आहे, ती ते कोणालाही देऊ शकतात. पाच एकर आजोबांकडची. ती वडिलोपार्जित धरली तर बाबांना फक्त स्वतःच्या हिश्शाचंच मृत्युपत्र करता येतं. इथे पुस्तिका सरळ म्हणते, वकिलाला विचारा. तिथे थांबायचं हे तिला कळतं, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला.

दोष आहेतच. आमच्या हाती आलेली आवृत्ती जुनी. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः हिस्सा नाही, असं तिच्यात छापलंय. ९ सप्टेंबर २००५ पासून कायदा बदलला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने शेवटची शंकाही मिटवली. ताईने ते पान पेनाने खोडलं आणि समासात तारीख लिहिली. हल्ली कोणी मला पुस्तक दाखवलं की आधी मी हीच तारीख शोधतो. नसली तर परत देतो. दुसरं असं की नोंदणी केली की मृत्युपत्राला कोणी आव्हान देऊच शकत नाही, असं ती ठोकून देते. नोंदणी ऐच्छिक आहे. ती केली की कागदाचं वजन वाढतं, पण आव्हान देता येतंच. आम्ही केली, स्टॅम्प ड्युटी लागली नाही.

सगळ्यात अवघड गेलं ते बाबांना बसवणं. मृत्युपत्र हा शब्द ऐकून ते भडकले, "मी मराच्या आंधीच माह्या वावराच्या वाटण्या सुरू केल्या काय रे?" ताईने मग इच्छापत्र म्हणायला सुरुवात केली. मृत्युपत्र करूनही जिवंत असेपर्यंत सातबारा स्वतःच्याच नावावर राहतो आणि कागद हवा तेव्हा बदलता येतो, हे पुस्तिकेतलं पान मी चारदा वाचून दाखवलं. बक्षीसपत्रात तसं नसतं, दिलं ते गेलं. हा फरक जाड पुस्तकात कुठेच नव्हता.

साक्षीदार आमच्यापैकी कोणी नको आणि बाबांपेक्षा वयाने लहान हवेत, हे पुस्तिकेनेच सांगितलं. उद्या कोर्टात उभं राहायला त्यांच्यातलं एक तरी जिवंत पाहिजे. धुऱ्यावरून (बांधावरून) वाद नसलेला शेजारी शोधायला दोन आठवडे लागले. दुसरे तालुक्याचे डॉक्टर मिळाले. बाबांची बुद्धी शाबूत असल्याचा दाखला त्यांनीच दिला. तो कायद्याने बंधनकारक नाही, पण सोबत असलेला बरा.

पाचपैकी तारे द्यायचे तर जाड पुस्तकाला एक, फॉर्मला शून्य, पुस्तिकेला साडेतीन.

विहिरीच्या पाण्याच्या पाळीबद्दल मात्र तिघांपैकी कोणीच काही लिहिलेलं नाही. एका मुलाला विहिरीकडची जमीन आणि दुसऱ्याला कोरडी, मग पाणी कसं वाटायचं? आम्ही ते कलम स्वतःच लिहिलं: आठवड्यातले तीन दिवस धाकट्याचे, चार थोरल्याचे, मोटारीचं बिल त्याच हिशेबाने. परवा बाबा म्हणाले, धाकट्याला चार कर. तेव्हा पुन्हा दोन साक्षीदार, पुन्हा रजिस्ट्री ऑफिसची खेप. शेजाऱ्याला फोन लावला, तो कापूस वेचणीत आहे, पंधरा दिवसांनी या म्हणाला.