स्कूटर चार्जरचं शॉर्ट प्रोटेक्शन: वाचवतं ते चार्जरला, बॅटरीला नाही

इंदूरला महारानी रोडवर ई-स्कूटरच्या लिथियम बॅटरीसाठी ६७.२ व्होल्ट, ६ अँपिअरचे बिनब्रँडचे, ॲल्युमिनियम बॉडीचे चार्जर मिळतात. ‘शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन’ लेबलवर असतंच. विचारलं की दुकानदार आउटपुटच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून दाखवतो. ठिणगी पडत नाही. पण यावर भुलू नका. बॅटरी जोडलेली नसेल तर बऱ्याच चार्जरमध्ये आउटपुटचा रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) लागतच नाही. टोकांवर व्होल्टेजच नाही, तर शॉर्ट होणार कशाचं?

खरी चाचणी पूर्ण लोडवर, आणि तीही वर्कशॉपमध्येच. शॉर्ट झालं की शंटवरचा (करंट मोजणाऱ्या छोट्या रेझिस्टरवरचा) व्होल्टेज चढतो, चार्जर चालवणारी चिप म्हणजे कंट्रोल आयसी पल्स तोडतो आणि चार्जर थांबून-थांबून पुन्हा उठायला बघतो. बारीक टिक-टिक ऐकू येते. शॉर्ट काढल्यावर आपोआप सावरला तर समजा काम चोख आहे. या किमतीत तेवढं मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या वायरीबद्दल. केबल गळ्याशी वाकून-वाकून आतून सोलवटते आणि प्लस-मायनस भिडतात. अशा वेळी चार्जर ६ अँपिअर देणं थांबवेल, पण बॅटरी उलट दिशेने शंभरावर अँपिअर ओतते. आतली काचेची फ्यूज २३० व्होल्टच्या बाजूला असते, तिला याचा पत्ताही लागत नाही. चार्जिंगचं पोर्ट वेगळं असलेल्या अनेक बीएमएसमध्ये (बॅटरीतल्या संरक्षण सर्किटमध्ये) त्या वाटेवर शॉर्टची कटऑफ नसते.

म्हणून गाडीच्या बाजूला, चार्जिंगच्या वायरीत, बॅटरीच्या प्लसपासून जमेल तितक्या जवळ, १० अँपिअरची डीसी फ्यूज टाकून घ्या. कारची चपटी फ्यूज चालणार नाही, तिचं रेटिंग साधारण ३२ व्होल्टचं. वर डीसीचा आर्क, म्हणजे फ्यूज उडताना पेटणारी ठिणगी, एसीसारखा शून्यावर येऊन विझत नाही. सोलरवाल्यांकडची १० बाय ३८ मिलिमीटरची, १००० व्होल्ट डीसीची फ्यूज होल्डरसकट घ्या. होल्डरचे स्क्रू आवळून घ्या, ढिला राहिला तर तोच वितळतो. अर्ध्या तासाच्या चार्जिंगनंतर प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर पिना सैल आहेत.

चार्जर घ्यायला हरकत नाही, फक्त लेबलवरचा ६७.२ व्होल्टचा आकडा नीट वाचा. ६० व्होल्टच्या लेड-ॲसिड सेटचा चार्जर ७३ व्होल्टच्या आसपास जातो, आणि प्लग बऱ्याचदा तोच असतो.