बाटल्यांच्या जागी चार पांढऱ्या भुकट्या: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय एखाद्या कंपनीच्या उत्पादनाचा नाही. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल, धुण्याचा सोडा, सोडियम परकार्बोनेट आणि खाण्याचा सोडा या चार भुकट्या रासायनिक नावाने, साध्या पिशव्यांतून, वजनावर विकल्या जातात. किटलीतला थर काढणारे द्रव, नळ आणि काचेसाठीचा फवारा, डाग काढणारी भुकटी, कपडे मऊ करणारे द्रव आणि ओटा घासायची क्रीम अशा पाच वस्तूंची खरेदी थांबवून त्यांच्या जागी मी वर्षभर या चार भुकट्या वापरल्या. प्रत्येक पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहिली आणि दर महिन्याला उरलेले वजन नोंदवले, कारण आपण काय किमतीला आणतो हे लक्षात राहते, पण ते किती दिवस पुरते याची नोंद घरात सहसा कोणी ठेवत नाही, आणि खर्च खरोखर कमी झाला की नाही हे त्या नोंदीशिवाय कळत नाही. पाचही वस्तूंवाचून घर चालले आणि बचत खरी निघाली. मात्र चारही भुकट्या सारख्याच उपयोगाच्या ठरल्या नाहीत.

या प्रयोगाचे कारण एका पुडीच्या मागच्या बाजूला छापलेले होते. किटलीतला थर काढण्यासाठी आणलेल्या त्या लहानशा पुडीत सायट्रिक आम्लाखेरीज दुसरा घटक नव्हता, आणि तेच आम्ल किलोच्या पिशवीत त्या पुडीच्या दराच्या लहानशा अंशाला मिळत होते. त्यानंतर घरातल्या प्रत्येक बाटलीवरची घटकांची यादी वाचली. फवाऱ्यांच्या यादीत पहिले नाव पाण्याचे होते, पुढे थोडे आम्ल किंवा अल्कली, थोडा फेस आणणारा पदार्थ, रंग आणि सुगंध. पाणी नळाला आहेच. त्यासाठी, ते वाहून आणण्यासाठी आणि त्याभोवतीच्या प्लास्टिकसाठी आपण वेगळे पैसे देतो, हे एकदा दिसले की पुढचा हिशेब सोपा होतो.

चारही भुकट्यांत लिंबूसत्त्वाला मी निःसंकोच पहिला क्रमांक देईन. कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८४ मध्ये लिंबाच्या रसापासून हे आम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. आज मात्र ते लिंबापासून नव्हे, तर ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीला साखर किंवा मळी खाऊ घालून प्रचंड प्रमाणात तयार होते, आणि त्याच्या स्वस्ताईचे मूळ तिथे आहे. नळावर, शॉवरच्या जाळीवर, किटलीच्या तळाशी आणि काचेवर बसणारा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आम्लाच्या संपर्कात त्यातून कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने निघून जातो आणि कॅल्शियम पाण्यात उतरते. मी 1 लिटर कोमट पाण्यात साधारण २० ते ३० ग्रॅम भुकटी विरघळवून किटलीत तासभर ठेवते; नळाला त्याच पाण्यात भिजवलेले फडके पंधरा-वीस मिनिटे गुंडाळून ठेवते आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन पुसते. घासण्याची गरज जवळपास उरत नाही.

यातली माझी एक चूक इतरांनी टाळावी म्हणून सांगते. काम लवकर व्हावे म्हणून पहिल्या वेळी भुकटी दुप्पट घालून मी किटलीला उकळी आणली, तर थर विरघळला, पण तळाशी पांढरी, न विरघळणारी कणी जमली. ती कॅल्शियम सायट्रेटची, म्हणजे थरातले कॅल्शियम आणि हे आम्ल जुळून बनणाऱ्या क्षाराची होती. बहुतेक क्षार गरम पाण्यात अधिक विरघळतात. हा क्षार उलट गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणून पाणी कोमटच असावे आणि त्याला वेळ द्यावा. दुसरी गोष्ट म्हणजे द्रावण लागेल तेवढेच करावे, कारण पातळ द्रावण आठवड्यानुआठवडे बाटलीत ठेवले तर त्यात बुरशीचे तंतू दिसू लागतात; कोरडी भुकटी मात्र हवाबंद डब्यात वर्षानुवर्षे टिकते, आणि म्हणूनच चौघींपैकी मोठी पिशवी निर्धास्तपणे घ्यावी अशी हीच एक. संगमरवर आणि चुनखडीच्या फरशीवर ती चुकूनही सांडू देऊ नये, कारण तो दगडही कॅल्शियम कार्बोनेटचाच आहे आणि आम्ल त्याची चकाकी कायमची घालवते. क्लोरीनयुक्त ब्लीचबरोबर तर कोणतेही आम्ल कधीच एकत्र करू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

धुण्याच्या सोड्याबाबत सर्वात महत्त्वाची गोष्ट वापराची नसून खरेदीची आहे. हा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, दोन रूपांत मिळतो: पारदर्शक खड्यांच्या रूपात आणि निर्जल, म्हणजे पाणी नसलेल्या, भुकटीच्या रूपात. खड्यांमध्ये सोड्याच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे १० रेणू बांधलेले असतात, म्हणजे वजनाने जवळपास ६३ टक्के पाणीच असते. १ किलो खड्यांतून हाती येणारा सोडा ३७० ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि १ किलो निर्जल भुकटीचे काम करायला सुमारे २.७ किलो खडे लागतात. दोन पिशव्यांवरचा किलोचा दर सारखा दिसला तरी एक दुसरीपेक्षा जवळपास पावणेतीन पटींनी महाग असू शकते. दुकानदार किंवा संकेतस्थळ हा फरक समजावून सांगत नाही, म्हणून पिशवीवर ‘निर्जल’ हा शब्द शोधावा आणि तो नसेल तर दाणे पाहावेत. उघडे राहिलेले खडे हवेत आपोआप पांढरे पडतात आणि भुगा होतात. ते खराब झालेले नसतात, त्यातले पाणी उडून गेलेले असते, आणि चमच्यात त्यांची ताकद आधीपेक्षा वाढलेली असते.

बेल्जियमचे रसायनतज्ज्ञ अर्नेस्ट सोल्वे यांनी १८६१ मध्ये मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्या आधारे हा सोडा करण्याची जी पद्धत सिद्ध केली, तिच्यात अमोनिया पुन्हा पुन्हा वापरता येतो, आणि कच्चा माल इतका साधा असल्यामुळे सोडा आजही स्वस्त आहे. कपडे धुताना तो पाण्यातले कॅल्शियम अडवतो, त्यामुळे डिटर्जंट कमी लागते. इथे एक सूक्ष्म भेद आहे. कपडे धुण्याच्या पावडरमध्ये बहुधा हा सोडा आधीपासूनच असतो, त्यामुळे पावडर वापरणाऱ्या घराला वरून सोडा घालून फारसा फायदा होत नाही. द्रव डिटर्जंट वापरणाऱ्याला तो स्पष्ट जाणवतो. अडवलेले कॅल्शियम बारीक कणांच्या रूपाने कापडात आणि यंत्रातही बसू शकते, म्हणून पाणी फार जड, म्हणजे जास्त कॅल्शियमचे, असेल तर सोड्याचा हात सैल सोडू नये. माझ्या टॉवेलना दोन महिन्यांत आलेला खरखरीतपणा सोड्याचे प्रमाण निम्मे केल्यावर कमी झाला. तेलकट जाळ्या, पत्रे आणि कचऱ्याचे डबे यांसाठी गरम पाण्यातला सोडा उत्तम. पण ॲल्युमिनियमची भांडी त्याने काळवंडतात आणि झिजतात, लोकर व रेशीम खराब होते, आणि हातमोज्यांशिवाय तो हाताळू नये.

सोडियम परकार्बोनेटबद्दल माझे मत चांगले आहे, पण अटींसह. नाव अवघड असले तरी वस्तू सोपी आहे: धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे एकत्र बांधलेले स्फटिक, ज्यात वजनाने सुमारे एक तृतीयांश पेरॉक्साइड असते. पाण्यात पडताच ते सुटते आणि रंगीत डागांवर काम करते. ऑक्सिजनच्या नावाने विकल्या जाणाऱ्या डागनाशक भुकट्यांची यादी वाचली तर हेच नाव सापडते, आणि पुष्कळदा त्याच्या जोडीला साधा सोडाही मिसळलेला असतो, म्हणजे महाग वस्तूत स्वस्त वस्तूची भर घातलेली असते. चहा-कॉफीचे डाग, घामाने पिवळी पडलेली गळपट्टी, गवताचे हिरवे ओरखडे आणि कळकट झालेले पांढरे कापड यांवर त्याचा परिणाम मी स्वतः पाहिला आहे. गंज आणि घट्ट वंगणावर तो काही करत नाही. थंड पाण्यात मात्र तो इतका मंद चालतो की भुकटी वाया गेल्यासारखीच होते. पाणी ४० ते ६० अंश सेल्सिअस असावे, भुकटी आधी पूर्ण विरघळवावी आणि कापड तासभर भिजू द्यावे. लोकर आणि रेशमाला हे चालत नाही, आणि रंगीत कापडाची आतली शिवण आधी तपासून घ्यावी. उरलेले द्रावण बंद बाटलीत ठेवणे धोक्याचे आहे, कारण त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि दाबाने बाटली फुटू शकते.

याच भुकटीने मला घाऊक खरेदीची मर्यादा दाखवली. दर सर्वांत कमी म्हणून सर्वांत मोठी पिशवी घेतली, ती न्हाणीघरात ठेवली, आणि शेवटचा तिसरा हिस्सा उरेपर्यंत ओलाव्याने तिची ताकद इतकी उतरली की एका डागाला दुप्पट भुकटी लागू लागली. दरातली सूट तिथेच संपली. परकार्बोनेट तीन-चार महिन्यांत संपेल एवढेच घ्यावे आणि कोरड्या, थंड जागी ठेवावे.

खाण्याचा सोडा सफाईसाठी वेगळा विकत घेऊ नये असे मला वाटते. त्याच्या द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप; ७ च्या वर अल्कली) ८ च्या जरा वर असतो, तर धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास, म्हणजे तेलकटपणा तोडण्याची त्याची ताकद फारच कमी. आम्ल आणि खाण्याचा सोडा एकत्र केल्यावर येणारा फेस पाहून सफाई जोरात चालली आहे असे वाटते. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे जवळजवळ साधे खारट पाणी उरते. दोन्ही वस्तू उपयोगाच्या, पण एकापाठोपाठ एक, मध्ये पाण्याने धुऊन. ओट्यावरच्या क्रीमच्या जागी, ओरखडे न पाडता घासायला मऊ कण म्हणून तो चालतो, एवढीच त्याची जमेची बाजू.

या भुकट्यांनी काय होत नाही, हे सांगितल्याशिवाय हा अभिप्राय प्रामाणिक होणार नाही. किसलेला साबण आणि सोडा मिसळून घरीच कपड्यांची पावडर करण्याची कृती मी दोन महिने वापरली आणि सोडून दिली. साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून न विरघळणारी साय तयार करतो. ती कापडात बसते, कापड राखट आणि वासाचे होते, आणि पुन्हा धुण्यात वाचवलेले सगळे जाते. डिटर्जंटमधले कृत्रिम पदार्थ जड पाण्यातही चालतात, आणि त्यातली विकरे (एन्झाइम) रक्त, घाम व पिष्टाचे डाग तोडतात. असे विकरयुक्त धुण्याचे द्रव्य जर्मन रसायनतज्ज्ञ ओट्टो ऱ्योम यांनी १९१३ मध्येच आणले होते; या कामाला घरगुती पर्याय नाही. भांड्यांच्या साबणालाही नाही. तेव्हा साधे, बिनसुगंधी डिटर्जंट मी परत आणले.

पण ते वापरताना मात्रा मोजली, आणि वर्षभराच्या नोंदीतला सर्वांत मोठा फरक इथेच पडला. बाटलीचे झाकण गरजेपेक्षा मोठे असते, आत खुणेच्या रेषा पुसट असतात, आणि हात सवयीने झाकण भरून घेतो. मी नेहमीच्या प्रमाणातून दर आठवड्याला थोडे थोडे कमी केले, कपडे नीट निघेनासे झाले त्या टप्प्यावर थांबले आणि एक पायरी मागे आले. माझ्या घरच्या पाण्याला आणि कपड्यांना आधीच्या निम्म्याहून थोडे जास्त पुरे झाले. फेस हे स्वच्छतेचे माप नाही. जास्तीचा फेस निघून जायला पाणी अधिक लागते आणि कापडात अवशेष राहतो तो वेगळाच. कपडे मऊ करणाऱ्या द्रवाची तर जागा भरायचीच गरज पडली नाही. त्याचा स्निग्ध लेप टॉवेलची पाणी टिपण्याची आणि सूक्ष्मतंतूंच्या फडक्यांची धूळ धरण्याची ताकद घालवतो. ते बंद केल्यावर जुने टॉवेलही पुन्हा पाणी नीट टिपू लागले.

ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी पहिल्या दिवशी भुकट्यांबरोबर झाकणाचे डबे, एक लहान वजनकाटा आणि ठळक अक्षरांच्या चिठ्ठ्या आणाव्यात. चारही भुकट्या पांढऱ्या आहेत, दुरून एकमेकींसारख्या आणि साखर-मिठासारख्या दिसतात, म्हणून त्या खाण्याच्या पदार्थांच्या जुन्या डब्यांत कधीच भरू नयेत आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवाव्यात. प्रत्येक चिठ्ठीवर नावाबरोबर १ लिटरला किती ग्रॅम आणि कशावर वापरू नये हेही लिहावे. आमच्याकडे ते लिहिल्यानंतरच घरातल्या इतरांनीही या भुकट्या हातात घ्यायला सुरुवात केली.