कन्सल्टन्सीला ४० हजार देण्याआधी हे वाचा

परदेशात पाठवणाऱ्या पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत गेले होते, नाव घेत नाही. बी.फार्म झालंय सांगितल्यावर मॅडम लगेच म्हणाल्या अमेरिकेत स्पॉन्सर्ड इंटर्नशिप लावून देतो, आणि मी पण भरले ना ४० हजार! नंतर घरी बसून वाचलं तर तिथल्या एफपीजीईई परीक्षेला (बाहेरच्या देशातून फार्मसी केलेल्यांना तिथे फार्मासिस्ट व्हायला ही द्यावीच लागते) २००३ पासून पास झालेल्यांना किमान ५ वर्षांची डिग्री लागते, म्हणजे आपली ४ वर्षांची बी.फार्म चालतच नाही, ६ वर्षांच्या फार्म.डी. वाल्यांचं ठीक आहे. एवढं साधं त्यांना माहीत नसावं?

मग यूकेचं बघितलं. तिथे आधी ओस्पॅप (परदेशी फार्मासिस्टसाठीचा) कोर्स, मग ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग, मग जीपीएचसीची, म्हणजे तिथल्या फार्मसी कौन्सिलची परीक्षा. ट्रेनिंगसाठी स्किल्ड वर्कर व्हिसा हवा असेल तर फार्मसीकडे स्पॉन्सर लायसन्स (बाहेरच्या लोकांना व्हिसावर कामाला ठेवायची सरकारी परवानगी) पाहिजे, आणि लायसन्सवाल्यांची यादी सरकारी साइटवर फुकट आहे हो. तीच यादी एक्सेलमध्ये टाकून मला "प्रीमियम डेटाबेस" म्हणून दिलेली, वर यादीत नाव म्हणजे जागा आहेच असंही नाही, ते वेगळं शोधावं लागतं.

एक स्टार, तोही रिसेप्शनवरच्या दादांसाठी. चहा चांगला देतात. रिफंड अजून "प्रोसेसमध्ये".