टोमॅटो: रोगप्रतिकारक वाण घ्यायचा की वांग्याच्या खुंटावरचं कलम?

अर्का रक्षक हा बंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा संकरित वाण. लीफ कर्ल (पानं मुरडणारा रोग), जिवाणूजन्य मर (रोप कोमेजून मरतं) आणि लवकर येणारा करपा (पानांवर डाग पडतात) या तिन्ही रोगांचा प्रतिकार एकाच बियाण्यात. लीफ कर्लचा विषाणू पांढरी माशी पसरवते, त्यामुळे नुसती माशी मारत बसण्यापेक्षा असा वाण बरा. बी मात्र घरी धरता येत नाही. पुढच्या पिढीत गुण विस्कटतात.

कलमाचं गणित वेगळं आहे. खाली वांग्याचं मुळांसकट खोड, म्हणजे खुंट, आणि त्यावर टोमॅटोचा शेंडा जोडलेला. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने टोमॅटोसाठी ईजी २०३ सारखे वांग्याचे खुंट सुचवले. टोमॅटोची मुळं साचलेल्या पाण्यात लवकर गुदमरतात, वांग्याची तग धरतात. जिवाणूजन्य मरही रोखली जाते. पण रोप महाग पडतं आणि पानांवरच्या रोगांना खुंट काय करणार? लागवडीत जोड मातीच्या वरच ठेवायचा. गाडला गेला की टोमॅटोला स्वतःची मुळं फुटतात आणि कलमाचे पैसे पाण्यात!

निचऱ्याच्या जमिनीत मी वाणच घेईन. पावसाळ्यात पाणी तुंबणारं रान असेल तर कलम, तेही शेंड्याला प्रतिकारक वाण बांधलेलं.